सूर्याची उधारी आणि रात्रीची परतफेड

आजच्या भागात आम्ही एक जुना हिशेब उघडणार आहोत. हा हिशेब सावकाराचा नाही आणि बँकेचाही नाही. सूर्याकडून जमिनीला दिवसभर मिळणारी उष्णता आणि जमिनीने आभाळाला परत दिलेली उष्णता, यांचा हा जमाखर्च. माणसांना तो कसा कळत गेला, कुणाच्या हातांनी कळला, कुणाचं नाव वहीत राहिलं आणि कुणाचं गळालं, हे आज सांगायचं आहे.

सुरुवात तुमच्या माहितीतल्या गोष्टीपासून करू. पौषात हरभरा घाट्यावर आला की जुन्या बाया संध्याकाळी शेतात जाऊन हरभऱ्यावर धुतलेलं पांढरं फडकं पसरतात. पहाटे ते दवाने ओलंचिंब होतं. ते पिळून बाटलीत भरायचं, ती हरभऱ्याची आंब. हे काम जिने केलं आहे तिला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. आभाळ आलेलं असेल त्या रात्री फडकं पसरण्यात अर्थ नाही. वारं सुटलेलं असेल तरी नाही. आभाळ निरभ्र हवं, चांदण्या टिपूर हव्यात आणि झाडाचं पान हलता कामा नये.

असं का? दव काही वरून पडत नाही. ते तिथल्याच हवेतल्या वाफेचं पाणी होऊन गार पानावर जमतं. म्हणजे आधी पान गार व्हायला हवं, भोवतालच्या हवेपेक्षाही गार. मग प्रश्न असा की उघड्या आभाळाखालचं पान एवढं गार होतं कशाने? त्याची ऊब जाते कुठे?

चुलीवरचा तवा उतरवून बाजूला ठेवा. तो लाल दिसत नाही, काळाच दिसतो. पण हात जवळ नेला की न शिवताही धग लागते. ती धग म्हणजे किरणच असतात, फक्त डोळ्यांना न दिसणारे. शास्त्रात त्यांना अवरक्त किरण म्हणतात. तवा फार तापलेला असतो म्हणून त्याची धग आपल्याला कळते, एवढंच. एरवी जमीन, भिंत, बैल, बाभळ, आपण स्वतः, ज्याच्यात म्हणून थोडीबहुत ऊब आहे ते सगळं रात्रंदिवस अशी धग बाहेर टाकत असतं. सूर्य अतिशय तप्त, म्हणून त्याच्या किरणांच्या लहरी आखूड. जमीन त्या मानाने थंडच, म्हणून तिच्या धगीच्या लहरी लांब, सूर्यप्रकाशाच्या लहरींच्या साधारण वीसपट. म्हणून तिला दीर्घलहरी किरण असंही नाव आहे. आम्ही आज सरळ धगच म्हणणार आहोत.

दिवसा सूर्याकडून येणारी आवक मोठी असते, त्यामुळे जमिनीची ही परतफेड जाणवत नाही. रात्री आवक बंद होते आणि परतफेड मात्र चालूच राहते. आभाळ मोकळं असेल तर धगीचा मोठा भाग वर निघून जातो. ढग असतील तर ते ती धग अडवतात आणि स्वतःची धग खाली सोडतात. ढगाळ रात्र उबदार आणि चांदण्याची रात्र गार, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. त्यामागचं कारण मात्र अडीचशे वर्षांपूर्वी युरोपातल्या मोठमोठ्या विद्वानांनाही नीट सांगता येत नव्हतं.

पण आपल्या देशात त्याच काळात काही माणसं या परतफेडीवर रोजगार कमावत होती.

१७७५ साली रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज सेनाधिकाऱ्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला एक वृत्तांत पाठवला. विषय होता हिंदुस्थानात बर्फ कसा बनवतात. अलाहाबादेत, म्हणजे आजच्या प्रयागराजला, त्याने तो बनताना पाहिला होता. तिथे तळ्यात, डबक्यात कधी बर्फ धरलेला त्याला दिसला नाही. तरीही हिवाळ्यात सकाळी बर्फ हजर असायचा. रीत अशी होती. उघड्या मैदानात तीसेक फूट लांबरुंद आणि दोन फूट खोल खड्डे खणायचे. तळाशी उसाची किंवा मक्याची वाळलेली धाटं वीतभर जाडीची अंथरायची. त्यावर मातीची पसरट, कच्च्या अंगाची, बोट-दीड बोट खोलीची भांडी ओळीने मांडायची. दिवस मावळला की त्यात उकळून निववलेलं पाणी भरायचं. आणि मग काही करायचं नाही. पहाटे भांड्यांत बर्फ तयार असे. सूर्य वर यायच्या आत तो गोळा करून टोपल्यांनी खोल खड्ड्यात नेऊन ठोकून बसवायचा. त्या खड्ड्याला आतून गवत आणि जाड कांबळी लावलेली, वर गवताचं छप्पर. उन्हाळ्यात साहेबांच्या पेल्यात तोच बर्फ.

यात धाटांचं काम काय, ते गोधडीखाली चटई टाकणाऱ्या बाईला सांगायला नको. खालच्या उबदार जमिनीची ऊब भांड्यापर्यंत पोचू द्यायची नाही. वरचं आभाळ मात्र मोकळं ठेवायचं. खालून आवक बंद, वरून परतफेड चालू. पाण्याची ऊब धगीच्या रूपाने आभाळात जात राहायची आणि भोवतालची हवा गोठण्याइतकी थंड नसतानाही पाणी गोठायचं.

पहाटे नगाऱ्यावर थाप पडली की जवळच्या गावातून काळी कांबळी गुंडाळलेले पुरुष, बायका आणि मुलं कुडकुडत यायची आणि भांड्यांतला बर्फ खरवडून काढायची. फॅनी पार्क्स नावाची एक इंग्रज बाई पुढे अलाहाबादेत राहिली, तिने हे सगळं लिहून ठेवलं आहे. आज रात्री भांडी भरायची की नाही, हे आभाळाकडे आणि वाऱ्याकडे बघून ठरे. म्हणजे धगीचं शास्त्र त्या मैदानावर रोज वापरात होतं. त्या कामकऱ्यांपैकी एकाचंही नाव मात्र कागदावर नाही. १८३३ साली अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ घेऊन पहिलं जहाज कलकत्त्याला लागलं आणि पुढे हा धंदा बसत गेला.

बार्करचा वृत्तांत वाचून बऱ्याच विद्वानांनी ठरवलं की पाणी वाफ होऊन उडतं म्हणून गार होतं, जसं माठातलं होतं. वरवर पटण्याजोगंच होतं ते. पण माठाला वारा मानवतो, आणि इथे तर वाऱ्याने बर्फ बिघडायचा.

हे कोडं सोडवलं विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टरने. जन्म अमेरिकेतला, दवाखाना लंडनमध्ये. दव कसं पडतं याचा त्याला ध्यास होता. लोकरीचे सारख्या वजनाचे छोटे पुंजके रात्री बागेत ठेवायचे, काही उघड्यावर, काही आडोशाला, आणि सकाळी पुन्हा तोलायचे. जो जड झाला त्याच्यावर दव जास्त. तब्येत खालावलेली असतानाही तो रात्री बागेत फेऱ्या मारत असे. एकदा त्याने गवतात चार काटक्या रोवल्या आणि त्यांवर साधारण वीतभर उंचीवर एक पातळ हातरुमाल ताणून बांधला. रुमालाखालचं गवत उघड्या गवतापेक्षा उबदार निघालं. रुमाल पातळ, चारही बाजू उघड्या, हवा खेळती. तरी फरक पडला, कारण गवत आणि आभाळ यांच्यामध्ये काहीतरी आलं होतं. १८१४ साली वेल्सने दवावरचा आपला निबंध छापला आणि त्यात बंगालच्या बर्फाचंही हेच कारण असल्याचं दाखवून दिलं. त्याच निबंधात त्याने एक गोष्ट मोकळेपणाने लिहिली आहे. माळी कोवळ्या रोपांवर पातळ चटया टाकतात, एवढ्याशा चटईने थंडी काय अडणार, म्हणून पूर्वी तो अर्धवट ज्ञानाच्या घमेंडीत त्यांना हसत असे. माळ्यांचं बरोबर होतं. आम्हाला हा डॉक्टर त्या कबुलीमुळे आवडतो.

वेल्सच्या आधी, १८०० साली, इंग्लंडमध्येच विल्यम हर्शेलने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि एकेका रंगात तापमापक ठेवून बघितला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सगळ्यात जास्त चढला. न दिसणारे उष्ण किरण असतात, हे तिथे हाती लागलं. (याची बहीण कॅरोलिन. तिने आठ धूमकेतू शोधले आणि राजाकडून पगार मिळवला. तिच्यावर एक पूर्ण भाग करायचा आमच्या मनात आहे.)

आता बागेतून आणि बर्फाच्या मैदानातून आख्ख्या पृथ्वीपर्यंत उडी मारली ती फ्रान्सच्या जोसेफ फूरिए याने. शिंप्याचा मुलगा, लहानपणीच आईबाप गेलेले, पुढे मोठा गणिती झाला. १८२४ साली त्याने विचारलं, सूर्य पृथ्वीला युगानुयुगं तापवतो आहे, मग ती तापत तापत वितळून का जात नाही? उत्तर असं की ती सगळं परत देते, आणि देते ती न दिसणाऱ्या धगीच्या रूपाने. तो तिला अंधारी उष्णता म्हणे. पुढे त्याने आणखी एक बारीक गोष्ट लिहिली. सूर्याचा प्रकाश हवेतून सहज आत येतो, पण ही अंधारी उष्णता बाहेर जाताना हवेत अडखळते. म्हणून जमीन एरवी राहिली असती त्यापेक्षा उबदार राहते. काचेचं झाकण लावलेल्या पेटीत ऊन धरून ठेवण्याचे प्रयोग त्याच्या आधी एका स्विस माणसाने केले होते, त्यांचा दाखला त्याने दिला. तुमच्यापैकी कुणाकडे सूर्यचूल असेल तर तीच ही पेटी. पण हवेतलं नेमकं काय अडवतं, हे फूरिएला सांगता आलं नाही.

त्याच्या अगदी जवळ पोचली एक बाई. तिचं नाव युनिस फूट.

अमेरिकेत १८१९ साली जन्मलेली ही बाई सेनेका फॉल्स नावाच्या गावात राहत होती. त्या गावात १८४८ साली बायकांच्या हक्कांची मोठी परिषद भरली. बायकांना मतदानाचा हक्क हवा, असं तिथल्या जाहीरनाम्यात लिहिलं होतं, आणि त्याखाली सही करणाऱ्यांत युनिसबाई होत्या. नवऱ्याचीही सही होती. आठ वर्षांनी त्यांनी घरी एक प्रयोग केला. सामान फार नव्हतं. चार इंच रुंदीच्या आणि तीस इंच लांबीच्या दोन काचेच्या नळ्या, त्यांत तापमापक, आणि हवा भरण्या-काढण्यासाठी एक पंप. एका नळीत दाट हवा, दुसरीत विरळ. एकीत कोरडी हवा, दुसरीत दमट. मग एकीत साधी हवा आणि दुसरीत कार्बन डायऑक्साइड, जो वायू आपण श्वासातून सोडतो आणि जो लाकूड, कोळसा जळताना निघतो. नळ्या उन्हात ठेवायच्या, पारा किती चढतो ते टिपायचं. मग सावलीत आणायच्या आणि किती वेळाने उतरतो ते बघायचं.

साध्या हवेची नळी १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत गेली, म्हणजे आपल्या मोजणीने ४१ अंश सेल्सिअस. कार्बन डायऑक्साइडची नळी १२५ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे जवळपास ५२ सेल्सिअस. शिवाय ही नळी निवायला कितीतरी पट जास्त वेळ लागला. त्यावरून युनिसबाईंनी लिहिलं की पृथ्वीच्या हवेत एके काळी हा वायू जास्त असेल तर तेव्हा पृथ्वीही जास्त उष्ण असली पाहिजे. साल १८५६. आज जगभर ज्याची चर्चा चालते ते वाक्य एका घरगुती प्रयोगातून तेव्हा कागदावर आलं होतं.

२३ ऑगस्ट १८५६ रोजी अल्बनी शहरात शास्त्रज्ञांच्या सभेत हा निबंध वाचला गेला. वाचला जोसेफ हेन्री या नामांकित शास्त्रज्ञाने, युनिसबाईंनी स्वतः नाही. विज्ञानाला देश नसतो आणि स्त्री-पुरुष भेदही नसतो, अशा अर्थाचं काहीतरी चांगलं बोलून त्याने वाचन सुरू केलं. त्याच वर्षी निबंध छापूनही आला. आणि मग विसरला गेला. १८८८ साली त्या वारल्या. २०११ साली एका निवृत्त भूगर्भशास्त्रज्ञाच्या नजरेस तो जुना वृत्तांत पडला, तेव्हा कुठे त्यांचं नाव पुन्हा घेतलं जाऊ लागलं. मध्ये शंभराहून जास्त वर्षं गेली.

त्यांच्या प्रयोगात एक गोष्ट सुटी झाली नव्हती, तीही सांगायला हवी. काच सूर्यप्रकाशाला आत सोडते, पण लांब लहरींची धग तिच्यातून पार होत नाही. त्यामुळे नळीतला वायू सूर्याच्या किरणांनी तापला की जमिनीसारख्या धगीने, हे वेगळं काढता येत नव्हतं. ते वेगळं काढलं १८५९ नंतर लंडनमध्ये जॉन टिंडलने. त्याने पितळेची लांब नळी घेतली आणि तिच्या दोन्ही तोंडांना काचेऐवजी सैंधवाच्या चकत्या बसवल्या. हो, आपण उपासाला वापरतो तेच सैंधव. त्याच्या स्वच्छ खड्यातून धग पार जाते. एका टोकाला उकळत्या पाण्याचं भांडं, दुसऱ्या टोकाला धग मोजणारं नाजूक यंत्र. मध्ये एकेक वायू भरायचा.

हवेत सगळ्यात जास्त असणारे दोन वायू, नायट्रोजन आणि ऑक्सिजन, यांनी धग जवळजवळ अडवलीच नाही. अडवली ती पाण्याच्या वाफेने आणि कार्बन डायऑक्साइडने, ज्यांचं प्रमाण त्या मानाने अगदी किरकोळ असतं. पातेलंभर डाळीत चिमूटभर हिंग, तसं. टिंडलने हवेतल्या वाफेला पांघरूण म्हटलं आणि माणसाला कपड्याची गरज असते त्याहून झाडापिकांना या पांघरुणाची जास्त आहे असं बजावलं. टिंडलचं नाव पाठ्यपुस्तकांत गेलं. त्याच्या लिखाणात फूटबाईंचा उल्लेख नाही.

पुढचा काही भाग आम्ही भराभर सांगतो. वस्तू थोडी जास्त तापली की तिची धग पुष्कळ जास्त वाढते, हा नियम ऑस्ट्रियाच्या योझेफ स्टेफानने १८७९ साली मांडला. आपला जमाखर्च जुळतो तो यामुळेच. आवक वाढली की पृथ्वी थोडी तापते, तापली की परतफेड वाढते आणि पुन्हा मेळ बसतो. १८९६ साली स्वीडनच्या स्वांते आऱ्हेनियसने महिनोन्‌महिने कागदावर आकडेमोड करून काढलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. आजच्या अंदाजापेक्षा हा आकडा जास्त आहे, पण दिशा बरोबर होती.

आता पुण्याला येऊ. तिथे हवामान खात्यात शेतीच्या हवामानाचा अभ्यास १९३२च्या सुमारास सुरू झाला आणि तो उभा केला एल. ए. रामदास यांनी. पुस्तकं तेव्हा सांगत की निरभ्र रात्री सगळ्यात थंड असते जमीन, आणि वर जावं तशी हवा उबदार होत जाते. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी उघड्या जमिनीवर वेगवेगळ्या उंचीवर तापमापक लावले, तर सगळ्यात थंड थर जमिनीला लागून नव्हता. तो त्याच्या थोडा वर, वीतभर किंवा त्याहून जास्त उंचीवर होता. १९३२ साली त्यांनी हे छापलं. परदेशात पुष्कळांना वाटलं मोजण्यात चूक झाली असेल. पुढे इतरांनाही तेच दिसत गेलं आणि आज त्या थराला रामदास थर असंच नाव आहे. कारण हुडकण्याचं काम बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी अगदी अलीकडेपर्यंत केलं आहे. हवेतली वाफ आणि बारीक कण स्वतःही धग सोडून गार होतात, तिथे त्याचं मूळ आहे. वीतभर उंचीवर असतं काय? आपलं रोप. निफाडकडच्या द्राक्षबागायतदार मैत्रिणी आणि त्यांच्या घरचे पारा फार उतरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, रोपवाटिकेतल्या बाया संध्याकाळी रोपं झाकतात. ती लढाई याच थरात चालते.

आणि पुण्यातच आल्या अ‍ॅना मणी. केरळातल्या पीरमेडला २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्यांचा जन्म झाला. युनिसबाईंचा निबंध वाचला गेला तीच तारीख, हा नुसता योगायोग, पण आम्हाला सांगितल्यावाचून राहवलं नाही. घर सुखवस्तू, वेलदोड्याचे मळे. आठव्या वाढदिवसाला घरच्या रीतीप्रमाणे हिऱ्याच्या कुड्या मिळणार होत्या. त्यांनी त्या नको म्हटल्या आणि ज्ञानकोशाचे खंड मागितले. पुढे बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिऱ्यांवरच संशोधन केलं. प्रबंध लिहून दिला, पण विद्यापीठाने पीएचडी नाकारली. कारण दिलं की एम.एस्सी. झालेली नाही. मणीबाई शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या, हवामानाची यंत्रं शिकल्या आणि १९४८ साली पुण्याच्या हवामान खात्यात यंत्रं बनवणाऱ्या विभागात रुजू झाल्या. देश नुकता स्वतंत्र झालेला. साधे तापमापकही बाहेरून यायचे. मणीबाईंच्या देखरेखीखाली शंभरएक यंत्रांचे आराखडे पक्के झाले आणि ती इथे बनू लागली. हाताखाली १२१ पुरुष होते. यंत्राने चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, अशी त्यांची शिस्त होती.

१९५७-५८ साली जगभरच्या देशांनी मिळून पृथ्वीच्या अभ्यासाचं वर्ष पाळलं, तेव्हा मणीबाईंनी देशभर ऊन मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभारलं. ही झाली आवकेची बाजू. परतफेडही त्यांनी मोजली. रात्री फुग्याला यंत्र बांधून वर सोडायचं, आणि वर जाताना किती धग खालून येते, किती वरून, हे त्याने रेडिओवरून खाली कळवत राहायचं. भारतावरच्या या मोजमापांवर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली निबंध छापला. १९७६ साली उपमहासंचालक म्हणून त्या निवृत्त झाल्या, २००१ साली गेल्या. आज कुठेही सौरपंप, सौरदिवे बसवताना गावाला किती ऊन मिळतं हा आकडा लागतो. त्या आकड्यांचे आपल्या देशातले पहिले जाडजूड ग्रंथ मणीबाईंचे.

त्या फुग्यांच्या यंत्रांमागे ज्यांची कल्पना होती त्यांपैकी एक अमेरिकेतला व्हर्नर सुओमी. त्याने डॉक्टरेट मिळवली होती ती एका मक्याच्या शेतात उष्णता किती येते आणि किती जाते, हा हिशेब मांडून. पुढे त्याने विचार केला की हाच हिशेब शेताऐवजी आख्ख्या पृथ्वीचा का मांडू नये? १९५९ साली त्याचं यंत्र एका उपग्रहावर बसून वर गेलं आणि पृथ्वीची परतफेड पहिल्यांदा बाहेरून मोजली गेली.

आज तो ताळेबंद असा आहे. रात्र-दिवस, उन्हाळा-हिवाळा सगळं सरासरीत धरून पृथ्वीच्या दर चौरस मीटरला सूर्याकडून सुमारे ३४० वॅट मिळतात. त्यातले सुमारे १०० ढग, बर्फ, वाळू यांच्यावरून तसेच परावर्तित होतात. उरले २४०. ते मुरतात, आणि तेवढेच धगीच्या रूपाने परत गेले तर हिशेब चोख. वाफेचं आणि वायूंचं पांघरूण मुळीच नसतं तर एवढ्या परतफेडीला पृथ्वीला सरासरी उणे १८ अंशांवर राहावं लागलं असतं. ज्वारी नाही, गहू नाही, आपणही नाही. पांघरूण आहे म्हणून सरासरी १५ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे पांघरूण वाईट नव्हेच. ते जाड होत चाललं आहे, ही अडचण आहे. कारखान्यांच्या युगाआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. १९५८ साली हवाई बेटावर रोजची मोजणी सुरू झाली तेव्हा सुमारे ३१५ होते. आता ४२०च्या वर आहेत.

आमच्या श्रोत्यांतल्या एका गटाने चिठ्ठी पाठवून विचारलं होतं की ढग ऊन अडवतात आणि धगही अडवतात, मग शेवटी ते तापवतात की निववतात? प्रश्न फार चांगला आहे, शास्त्रज्ञांनाही तो १९८०च्या दशकापर्यंत सुटला नव्हता. सोडवणाऱ्यांत पुढे होते वीरभद्रन रामनाथन, तमिळनाडूचे. ते तरुणपणी सिकंदराबादच्या एका फ्रीज कारखान्यात गॅसची गळती थांबवण्याचं काम करत. पुढे अमेरिकेत १९७५ साली त्यांनीच दाखवलं की फ्रीजमधला तो वायू धग अडवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या कित्येक हजारपट भारी आहे. ढगांचा आकडा त्यांनी १९८९ साली उपग्रहाच्या मोजणीवरून काढला. सगळे ढग मिळून दर चौरस मीटरला सुमारे ४४ वॅट ऊन परतवतात आणि सुमारे ३१ वॅट धग अडवतात. म्हणजे जगाचा एकूण हिशेब धरला तर ढग निववतात. एखाद्या रात्रीपुरते मात्र ते गोधडीच.

आता परतफेडीत तूट किती, ते सांगतो. २०००पासून उपग्रह सलग मोजत आहेत. पृथ्वीला जेवढं मिळतं त्यापेक्षा दर चौरस मीटरला सुमारे एक वॅट कमी परत जातो आहे, आणि २००५ ते २०१९ या काळात ही तूट जवळपास दुप्पट झाली. एक वॅट म्हणजे काय, असं वाटेल. आम्ही एकराचं गणित करून पाहिलं. एका एकरात चार हजारांवर चौरस मीटर बसतात. म्हणजे हजार वॅटच्या चार इस्त्र्या प्रत्येक एकरावर रात्रंदिवस चालू ठेवल्यासारखं आहे हे, आणि पृथ्वीवरचा एकही एकर त्यातून सुटलेला नाही, समुद्रावरचेसुद्धा.

१९५० नंतर जगात बहुतेक ठिकाणी गार रात्री कमी झाल्या आणि उकाड्याच्या रात्री वाढल्या. दिवसभर राबलेलं शरीर निवतं ते रात्री. बाप्ये अंगणात नाहीतर गच्चीवर बाज टाकतात. लेकीबाळी घेऊन पत्र्याखाली झोपणाऱ्या बाईला ते मोकळं आभाळ मिळत नाही, तिच्या अंगाची धग पत्र्याशी आणि भिंतीशीच घुटमळते. दुपारी पत्र्याखाली डोक्यावर जे भाजल्यासारखं लागतं ती पत्र्याने खाली सोडलेली धगच असते, हे आता तुमच्या ध्यानात आलंच असेल. पत्र्याला वरून चुना दिला तर तो उन्हाचा बराच भाग मुळातच परतवतो आणि दुपारची धग कमी होते. खालून बांबूची चटई किंवा जुन्या साड्यांचं छत ताणलं तरी मधे आडोसा येतो. वेल्सच्या रुमालाने गवतासाठी तेच केलं होतं, फक्त उलट्या दिशेने. साडीचं छत मात्र चुलीपासून आणि विजेच्या तारांपासून लांब ठेवा.

तुटीत राहिलेली ही उष्णता जाते कुठे, हे तेवढं सांगायचं राहिलं. नव्वद टक्क्यांच्या आसपास समुद्रात मुरते. उरलेल्यातून जमीन आणि हवा तापते, बर्फ वितळतो. आपला अरबी समुद्रही तापतो आहे, आणि पुढच्या भागात आम्ही कोकणातल्या मासे विकणाऱ्या मैत्रिणींशी त्याबद्दल बोलणार आहोत.